लकव्यानंतर हातपाय हलू लागले, पण दम कुठे गेला?

दरवर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक स्ट्रोक दिन येतो आणि पेपरात ठरलेली चौकट छापून येते. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली तर वेळ घालवू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत मिळायला हवं. ही चौकट छापायलाच हवी. पण ज्या घरात हे सगळं होऊन चार-सहा महिने उलटलेत, त्या घराला तिचा काही उपयोग नसतो. माणूस वाचलाय, घरी आलाय, काठी टेकत बाथरूमपर्यंत जातो. परत येऊन पलंगावर टेकतो तेव्हा त्याला धाप लागलेली असते. घरचे म्हणतात, अशक्तपणा आलाय. मग शहाळं येतं, प्रोटीनचा डबा येतो, मालिशवाला लागतो.

ही धाप का लागते हे बऱ्यापैकी कळलेलं आहे, ती मोजता येते आणि ठरावीक पद्धतीने व्यायाम करून पुष्कळ कमीही करता येते. पण बायपास झालेल्या वडिलांना रोज सकाळी बागेत चालायला पाठवणारी मंडळीच लकवा झालेल्या काकांना मात्र गादीवरून हलू देत नाहीत. हृदयाच्या रुग्णाला दम वाढवायचा असतो हे आपल्याला पटलंय. लकव्याच्या रुग्णाला तो वाढवायचा असतो, हे अजून आपल्या गावी नाही.

आधी मुळापासून

‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात ते, म्हणजे लकवा, पक्षाघात, अर्धांगवायू किंवा स्ट्रोक. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक तुटतो. बहुतेक वेळा रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते, उरलेल्या वेळी वाहिनी फुटून रक्तस्राव झालेला असतो. त्या भागातल्या पेशी मरतात आणि तो भाग जे काम सांभाळत होता ते बिघडतं. म्हणजे इजा मेंदूत असते. पायाचे स्नायू त्या दिवशी धडधाकट असतात, फुप्फुसंही असतात. हृदयाचं मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण ज्या रक्तदाबाने आणि मधुमेहाने मेंदूची नस बिघडवली त्यांनी हृदयाच्या नसाही सोडलेल्या नसतात.

मग काही आठवड्यांतच दम एवढा कसा जातो? पहिलं कारण पलंग. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला एक प्रयोग झाला. पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. तेवढ्यात त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता एक चतुर्थांशाहून थोडी जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या झोपून राहण्याने केलं होतं. विशीतल्या धट्ट्याकट्ट्या पोरांची ही गत, तर पासष्टीच्या मधुमेही माणसाने महिनाभर पडून राहिल्यावर काय होत असेल?

दुसरं कारण लुळ्या बाजूच्या स्नायूंत घडतं. न वापरलेला स्नायू नुसता बारीक होत नाही, त्याची जातही बदलते. तासन्‌तास न थकता काम करणारे तंतू कमी होतात, पटकन जोर लावून पटकन दमणाऱ्या तंतूंचं प्रमाण वाढतं. रक्तातली साखर ओढून घ्यायची त्याची ताकदही मंदावते, आणि ती साखर मग मधुमेहाच्या खात्यात जमा होते.

आता एरोबिक व्यायाम म्हणजे काय ते सांगतो, कारण हे नाव ऐकलं की टीव्हीवरच्या गाण्याच्या तालावर उड्या मारणाऱ्या बायका डोळ्यांसमोर येतात. मोठे स्नायू एका लयीत, सलग काही मिनिटं हलवायचे. श्वास वाढतो, नाडी वाढते, पण धाप इतकी लागत नाही की थांबावंच लागेल. चालणं, सायकल, पोहणं, पायडल मारणं हे सगळं त्यात आलं. यात स्नायू प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करतात. शरीराला पूर्ण जोर लावल्यावर एका मिनिटात, दर किलो वजनामागे, जास्तीत जास्त किती मिलिलिटर प्राणवायू वापरता येतो, हा त्या माणसाचा आकडा. या लेखात त्याला मी सरळ ‘दम’ म्हणणार आहे.

पगार अर्धा, खर्च दुप्पट

फारसा व्यायाम न करणाऱ्या साठीतल्या निरोगी माणसाचा दम साधारण २५ ते ३० मिलिलिटर असतो. स्ट्रोकनंतरच्या अभ्यासांत तो बहुतेकांच्या बाबतीत ८ ते २२च्या मध्ये कुठेतरी सापडतो. म्हणजे ढोबळमानाने निम्मा. वयस्कर माणसाला कुणाच्या मदतीशिवाय आपलं आपण जगायला, म्हणजे अंघोळ, जिना, कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणणं एवढं करायला, साधारण १५ ते १८ लागतो. आकडे शेजारी शेजारी ठेवले की बाथरूमपर्यंत जाऊन आलेला माणूस का धापा टाकतो ते कळतं.

पण एवढ्यावर भागत नाही. लुळा पाय ओढत, कंबर वर उचलून, पाऊल बाहेरून वळवून टाकत चालायला निरोगी चालीपेक्षा दीडपट ते दुप्पट ऊर्जा लागते. घरखर्चाच्या भाषेत बोलायचं तर पगार निम्म्यावर आला आणि महिन्याचा खर्च दुप्पट झाला. अशा घरात काय होतं ते सांगायला नको. आधी हौसमौज जाते, म्हणजे देवळात जाणं, नातवाला शाळेत सोडणं. मग गरजेच्या गोष्टींना कात्री लागते. शेवटी माणूस उठायचंच टाळतो. उठत नाही म्हणून दम आणखी कमी होतो, म्हणजे पगारात पुन्हा कपात.

फिजिओथेरपीत पाऊल नीट टाकायला शिकवतात, पायाला स्प्लिंट देतात, तोल सुधारतात. हे खर्च कमी करणं झालं आणि ते अत्यावश्यक आहे. एरोबिक व्यायाम पगार वाढवतो. दोन्ही बाजूंनी ओढाताण असताना फक्त खर्चाकडे लक्ष देऊन भागत नाही.

‘फिजिओवाले रोज येतात की’

हा पहिला आक्षेप, आणि रास्त आहे. पण रोजच्या फिजिओथेरपीत हृदयाला व्यायाम होतो का? कॅनडातल्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं आणि २००२ साली प्रसिद्ध केलं. रुग्णांना नाडी नोंदवणारं यंत्र लावून उपचाराचे तास तपासले. दम वाढण्याइतकी नाडी एका सत्रात सरासरी तीन मिनिटांपेक्षाही कमी वेळ वाढत होती. बाकीचा वेळ हात सैल करणं, उभं राहायला शिकवणं, तोल आणि मधली विश्रांती यात जात होता.

यात फिजिओथेरपिस्टला दोष देण्यासारखं काही नाही. पाऊण तासात खांदा, हात, बसणं, उभं राहणं आणि चालणं एवढं सगळं करायचं म्हटल्यावर दमाला वेळ उरत नाही. शिवाय रुग्णाला दमवायचं नाही अशी जुनी शिकवणही आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

मेलबर्नमध्ये २००४च्या सुमारास झालेल्या एका पाहणीत स्ट्रोकच्या वॉर्डातले रुग्ण दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ पलंगावर आणि साठ टक्क्यांहून अधिक वेळ एकटे असल्याचं दिसलं. आपल्याकडे एकटेपणाचा प्रश्न सहसा नसतो. उलट एवढी माणसं भोवती असतात की पाण्याचा पेला उचलायचीही संधी मिळत नाही. मुलगा पाजतो, सून भरवते, भेटायला आलेला प्रत्येक जण ‘पडून राहा, उठू नका’ म्हणतो. सगळं प्रेमापोटी. डॅलसच्या त्या पाच तरुणांचंही तीन आठवडे असंच सगळं हातात मिळत होतं.

खरंच फरक पडतो का?

पडतो, पण किती ते नीट सांगायला हवं, कारण या विषयावर फुगवून बोलणारे पुष्कळ आहेत.

बाल्टिमोरच्या एका गटाने २००५ साली, स्ट्रोक होऊन बराच काळ लोटलेल्या ६१ जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने सहा महिने आठवड्यातून तीनदा ट्रेडमिलवर चालायचं, दुसऱ्याने नेहमीचे ताणाचे आणि हलके व्यायाम करायचे. ट्रेडमिलवाल्यांचा दम १७ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटाचा ३ टक्क्यांनी. त्यानंतर बरेच प्रयोग झाले. कोक्रेन या संस्थेने २०२० साली अशा ७५ चाचण्यांचा आणि त्यांतल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्र आढावा घेतला. त्यात एरोबिक व्यायाम करणाऱ्यांचा दम सरासरी ३ मिलिलिटरच्या थोडा वर गेलेला दिसतो, आणि सहा मिनिटांत चालून होणारं अंतर तीसेक मीटरने वाढलेलं दिसतं.

तीन मिलिलिटर ऐकायला चिमूटभर वाटतात. पण ज्याचा दम १३-१४वर अडकलाय तो १६-१७वर जातो, म्हणजे वर सांगितलेली १५ची रेघ ओलांडतो. तीस मीटर म्हणजे बाथरूमऐवजी सोसायटीच्या फाटकापर्यंत. ज्याचा दम आधीच २२ आहे त्याला हाच फायदा फारसा जाणवणार नाही.

आता जे सिद्ध झालेलं नाही ते. या व्यायामामुळे दुसरा झटका टळतो किंवा आयुष्य वाढतं, असं त्या आढाव्याला ठामपणे म्हणता आलं नाही; तेवढा मोठा आणि लांब चाललेला पुरावाच नाही. रक्तदाब थोडा उतरतो, साखर आटोक्यात राहायला मदत होते, म्हणून धोका कमी होत असावा हा तर्क आहे, आणि बरा तर्क आहे. ‘व्यायामाने मेंदूत नव्या पेशी उगवतात’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, त्यामागचा बराचसा अभ्यास उंदरांवरचा आहे. आणि लुळा हात एरोबिकने चालू होत नाही. हाताला हाताचंच काम द्यावं लागतं.

महागडी यंत्रं लागतात का, हाही प्रश्न असतो. अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. एका बाजूला पट्ट्याने शरीर तोलून धरणाऱ्या यंत्रासह ट्रेडमिल, दुसऱ्या बाजूला फिजिओथेरपिस्टने घरी येऊन करून घेतलेले व्यायाम. वर्षाअखेर दोन्हीकडे चालणं सारखंच सुधारलं होतं. शहरांत सध्या ‘रोबोटिक पुनर्वसन केंद्रा’च्या पाट्या लागत आहेत, त्यांच्या पॅकेजची रक्कम भरण्याआधी ही चाचणी आठवावी.

मग दुसऱ्या दिवसापासूनच सुरू करू या?

इथे उत्साह आवरायला हवा. पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांवर ‘अ‍ॅव्हर्ट’ नावाची चाचणी झाली आणि २०१५ साली तिचे निष्कर्ष आले. झटका आल्यापासून २४ तासांच्या आत रुग्णाला उठवायचं, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळा, जास्त वेळ उठवायचं, असा एका गटाचा नियम होता. तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले रुग्ण त्या गटात ४६ टक्के होते, नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्या गटात ५० टक्के. म्हणजे घाई अंगाशी आली.

जर्मनीतली २०० रुग्णांची चाचणी २०१९ साली आली. तिच्यात झटक्यानंतर ५ ते ४५ दिवसांच्या आतच चार आठवडे ट्रेडमिल सुरू केलं. चालण्याचा वेग आणि रोजचं स्वावलंबन यांत फक्त शिथिलीकरण करणाऱ्यांपेक्षा फायदा दिसला नाही. पडणं, दवाखान्यात पुन्हा भरती अशा गंभीर घटना मात्र ट्रेडमिलच्या गटात जास्त झाल्या.

यावरून कुणी असं काढेल की महिना-दीड महिना झोपवूनच ठेवावं. तसं अजिबात नाही. पहिले काही दिवस थोडं थोडं, पुन्हा पुन्हा बसवणं, उभं करणं, कुशी बदलणं चालूच राहतं. दम वाढवायच्या व्यायामाची घाई तेवढी करायची नाही. रक्तदाब स्थिर झाला, औषधं बसली, हृदयाची तपासणी झाली, की मग तो विषय काढायचा. कुणाच्या बाबतीत ही वेळ तीन आठवड्यांनी येते, कुणाच्या बाबतीत तीन महिन्यांनी.

किती जोर लावायचा?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि तिच्या स्ट्रोक विभागाने २०१४ साली दिलेली शिफारस अशी: आठवड्यातून ३ ते ५ दिवस, २० ते ६० मिनिटं, मध्यम जोराने. सलग वीस मिनिटं झेपत नसतील तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात, आणि सुरुवातीला पाच-पाचचेही.

मध्यम जोर मोजायचा कसा? एक रीत नाडीची. समजा गृहस्थ ६० वर्षांचे आहेत. २२०मधून वय वजा केलं की १६०, ही त्यांची अंदाजे कमाल नाडी. बसल्या जागी नाडी ७६ पडते. मधला फरक ८४. त्याच्या ४० ते ७० टक्के म्हणजे ३४ ते ५९. हे ७६मध्ये मिळवले की ११० ते १३५. व्यायामात नाडी या पट्ट्यात राहावी, आणि सुरुवात खालच्या टोकापासून करावी.

ही रीत आपल्याकडच्या बऱ्याच घरांत फसण्याची शक्यता आहे, कारण रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल अशा गोळ्या चालू असतात. या गोळ्या नाडी दाबून ठेवतात. गृहस्थ घामाघूम झाले तरी आकडा ९५च्या पुढे सरकत नाही, आणि घरचे म्हणतात अजून १५ बाकी आहेत, जोर लावा. नाडी अनियमित पडत असेल तरीही हा हिशेब लागू नाही. अशांसाठी दुसरी रीत आहे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी ६ ते २० अशी पट्टी बनवली. ६ म्हणजे काहीच कष्ट नाहीत, २० म्हणजे जीव जाईल इतके. रुग्णाने स्वतः सांगायचं. ११ ते १४, म्हणजे ‘हलकं’ ते ‘जरा जड जातंय’, हा आपला पट्टा.

तिसरी रीत बोलण्याची, आणि मला ती सगळ्यात आवडते. ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्टकडे ती जवळून पाहिली. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर खुर्चीत बसून जमिनीवर ठेवलेल्या पायडलवर पाय मारत होते. डावा पाय पायडलवरून सटकत होता म्हणून क्रेप बँडेजने बांधलेला. ती मुलगी एका हाताची बोटं त्यांच्या मनगटावर ठेवून म्हणाली, “काका, तुमच्या गाडीचे थांबे सांगा.” ते म्हणाले, “स्वारगेट, कात्रज, खेड शिवापूर, शिरवळ,” आणि तिथे एक श्वास घेऊन पुढे, “सुरूर, वाई, पाचगणी, महाबळेश्वर.” तिने पायडलचा स्क्रू अर्धा फेरा आवळला. पुढच्या खेपेला प्रत्येक थांब्याला श्वास लागू लागला, आणि कात्रजनंतर खेड शिवापूर राहूनच गेलं. तिने स्क्रू लगेच सैल केला. चार-पाच शब्द एका दमात बोलता येतात पण गाणं म्हणता येणार नाही, तो जोर बरोबर. गाणं म्हणता येत असेल तर व्यायाम होत नाहीये; शब्दाशब्दाला श्वास तुटत असेल तर जास्त होतोय. ज्यांची वाचा गेली आहे त्यांना ही रीत अर्थातच चालत नाही. तिथे चेहरा, घाम आणि बोटाने पट्टीवर दाखवलेला आकडा यावर काम करावं लागतं.

ज्यांना उभंच राहता येत नाही त्यांचं काय?

हृदयाला पायाने काम केलं की हाताने, याच्याशी देणंघेणं नसतं. मोठ्या स्नायूंनी रक्त मागितलं की ते पळायला लागतं. बसून मारायचं पायडल हा सगळ्यात स्वस्त मार्ग. चांगला पाय लुळ्या पायाला ओढून नेतो, आणि सुरुवातीला ते चालतं. हाताने फिरवायचं पायडलही असतं. खुर्चीतून उठणं-बसणं धरून धरून सलग काही मिनिटं केलं तरी अशक्त माणसाची नाडी पट्ट्यात येते. बाल्कनीच्या कठड्याला धरून जागच्या जागी पाय उचलणं हाही त्याच घरचा प्रकार. चालता येणाऱ्यांनी मात्र चालावंच, कारण ज्या कामाची सवय करायची ते काम केलेलं बरं. पायडलवर दम वाढेल, चाल सुधारेलच असं नाही.

‘डोक्याची नस पुन्हा फुटली तर?’

भीती खरी आहे आणि तिला हसू नये. व्यायाम करताना रक्तदाब वाढतोच. प्रश्न असतो तो कसा वाढतोय. मध्यम जोराच्या चालण्यात तो हळूहळू आणि मर्यादेत चढतो, थांबलं की उतरतो, आणि नियमाने केलं तर विश्रांतीतला आकडाही काही अंकांनी खाली येतो. विश्रांतीतच वरचा आकडा २००च्या किंवा खालचा ११०च्या पुढे असेल तर व्यायाम करू नये, अशी व्यायामशास्त्राची सर्वसाधारण मर्यादा आहे. स्ट्रोकच्या रुग्णासाठी बरेच डॉक्टर याहून पुष्कळ खालची रेघ आखतात, आणि ज्याला रक्तस्राव झाला होता त्याच्यासाठी आणखी खालची. तुमची रेघ तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. दाब एकदम उसळतो तो श्वास रोखून जोर लावल्याने. वजन उचलताना किंवा संडासला कुंथतानाही तेच होतं. म्हणून मोठ्याने मोजत व्यायाम करायला सांगतात. मोजणारा माणूस श्वास रोखू शकत नाही. या चाचण्यांत गुठळीवाल्यांच्या मानाने रक्तस्राववाल्यांची संख्या कमी असते, त्यामुळे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

दुसरी भीती ताठरपणाची. जोर लावला की लुळा हात आणखी आखडतो, म्हणून रुग्णाला दमवू नका, असं फिजिओथेरपीतल्या एका जुन्या परंपरेत मानलं जायचं. नंतर ते तपासून पाहिलं. जोर लावताना हात कोपरात दुमडतो, तो थोड्या वेळाने सुटतो. नियमित व्यायामाने कायमचा ताठरपणा वाढल्याचं आढळलं नाही. पण मावशी चालताना हात छातीशी आला की आजही घरचे “बस्स, बस्स” म्हणत खुर्ची सरकवतात.

थकव्याचं उत्तर इतकं सोपं नाही. स्ट्रोकनंतर बऱ्याच जणांना असा थकवा येतो की झोपूनही जात नाही, आणि तो आळस नसतो. अशांना व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी उठवत नसेल तर मात्रा कमी करायची, बंद करायची नाही. उदासपणामुळे माणूस हलत नसेल तर आधी त्याचं औषध.

‘आता दोन वर्षं झाली, काय उपयोग?’

पहिल्या तीन महिन्यांत हातापायांची सुधारणा सगळ्यात वेगाने होते, आणि मग वेग मंदावतो. ते मेंदूबद्दल खरं आहे. दमाला ही मुदत लागू नाही, कारण हृदय आणि स्नायू कधीही शिकवले तरी शिकतात. अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतले ५५ जण सहा महिने ते पाच वर्षांपूर्वी झटका येऊन गेलेले होते. बारा आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, पाऊण तास. एका गटाने मध्यम जोराने, सलग चालायचं. दुसऱ्याने थोडा वेळ जमेल तितक्या वेगाने, मग विश्रांती, मग पुन्हा वेगाने. सहा मिनिटांत चालायचं अंतर पहिल्या गटाचं २७ मीटरने वाढलं, दुसऱ्याचं ७१ मीटरने. हे वाचून कुणी आजोबांना घरच्या घरी पळवू नये. त्या सगळ्यांची आधी हृदयाची ताण-चाचणी झाली होती आणि चालताना माणूस शेजारी होता.

घरी करायचं तर

फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या गावीच मिळत असेल तर घरच्यांना शिकवून भागेल का? भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर ‘अटेंड’ ही चाचणी झाली, २०१७ साली निष्कर्ष आले. कुटुंबातल्या एकाला पुनर्वसनाचं शिक्षण देऊन घरी पाठवलं. सहा महिन्यांनी मृत्यू झालेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण, असं शिक्षण मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही गटांत ४७ टक्केच. तिथे एरोबिक व्यायाम तपासला नव्हता, हे खरं. तरी एवढं दिसतं, की सुनेला चार गोष्टी दाखवल्या म्हणजे पुनर्वसन झालं, असं समजून मोकळं होता येत नाही. मात्रा ठरवायला आणि दर काही आठवड्यांनी वाढवायला जाणकार लागतो. रोजच्या फेऱ्या मात्र घरच्यांनीच घालून घ्यायच्या असतात.

फेऱ्या घालताना लुळ्या बाजूला आणि किंचित मागे उभं राहा. आधार कमरेच्या पट्ट्याला द्या. लुळा हात धरून ओढू नका, त्या बाजूचा खांदा सांध्यातून सहज निसटतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. पायात मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवा. साधी स्लीपर लुळ्या पायातून निघून जाते आणि माणूस तिच्यावरच पडतो. पावलाची जाणीव कमी असेल तर रोज रात्री तळवे बघा. मधुमेहाची इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन रिकाम्या पोटी चालू नका. आणि विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात चालायची वेळ सकाळी सात किंवा घरातला बोळ, तिसरी नाही.

छातीत दुखलं, चक्कर आली, नाडी वेडीवाकडी पडली, किंवा तोंड-हात-बोलणं यांत नवा फरक दिसला तर व्यायाम तिथेच थांबवून दवाखाना. पिंडरी सुजून गरम लागत असेल तर त्या दिवशी चालवूच नका, आत गुठळी असू शकते.

पुढच्या खेपेला तपासणीला जाल तेव्हा चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहून न्या, कारण ओपीडीत आपली पाळी आली की सगळं विसरतं. यांच्या हृदयाची व्यायामाच्या दृष्टीने तपासणी झाली आहे का? रक्तदाब कितीच्या पुढे असला तर त्या दिवशी व्यायाम करायचा नाही? चालू गोळ्यांत नाडी दाबणारी कुठली आहे? उत्तरं फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, म्हणजे फिजिओथेरपिस्ट बदलला तरी ती त्याच्या डोळ्यांसमोर राहतील.